पाण्याची पट्टी: पहिल्या कादंबरीच्या पूर्वतयारीच्या प्रकल्प नोंदी

3 ऑक्टोबर 2025, शुक्रवार

विषय पक्का. 12 जुलै 1961, पानशेतचं पाणी पुण्यात आलं तो दिवस. जागा एकच: नारायण पेठेतला ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र) छापखाना आणि त्याला लागून असलेलं घर. पात्रं चार: मालक, त्यांची विधवा बहीण, खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणारा कंपोझिटर आणि छापखान्यातला पोऱ्या. सगळी काल्पनिक.

खर्डा 1 ते 30 नोव्हेंबर. 1 डिसेंबरला संपादकाचं वाचन सुरू होणार आणि ही तारीख हलत नाही. तयारीला आजपासून 29 दिवस. त्यातून वसुबारस ते भाऊबीज (17 ते 23) वजा केले की 22.

आराखड्यात पूर आणि नंतरची दहा वर्षं होती. पूरग्रस्तांच्या वसाहती (गोखलेनगर, लोकमान्यनगर), चौकशी आयोग, विस्कटलेली कुटुंबं, सगळं. ते कापलं. दहा वर्षांचा पट म्हणजे दर दहा पानांना नवे भाव, नवे रस्ते, नवी वयं. एका महिन्यात लिहायचं तर लिहिताना तपासाव्या लागणाऱ्या गोष्टी कमी हव्यात. आता कथेचा काळ 11 जुलैच्या संध्याकाळपासून 13 च्या सकाळपर्यंत. त्याबाहेरचं काही आलंच तर पात्राच्या बोलण्यात, दोन वाक्यांत.

4 ऑक्टोबर, शनिवार

शब्दांचा हिशेब. ‘30 दिवसांत 50,000 शब्द’ हा आकडा 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 21 जणांनी सुरू केलेल्या उपक्रमातून आला. तो इंग्रजीचा आहे, जसाच्या तसा मराठीत घेऊ नये. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात. ‘घरासमोरच्या ओट्यावरून’ हे मोजणीत दोनच शब्द. तेवढाच ऐवज मराठीत कमी शब्दांत बसतो, त्यामुळे इंग्रजी आकड्यामागे धावलं की पाणी घालून लिहिणं सुरू होतं.

लक्ष्य 40,000. छापील पानाला 260 शब्द धरले तर 154 पानं. पहिल्या कादंबरीला भरपूर.

नोव्हेंबरात रविवार पाच. ते मोजायचेच नाहीत, मागे राहिलेलं भरून काढायला ठेवायचे. उरले 25 दिवस, रोज 1,600 शब्द. 40 दृश्यं, प्रत्येकी हजार. रोज एक पुरं आणि दुसऱ्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग. दृश्य मधेच तोडून उठायचं, हे ठरवूनच घेतलं आहे: दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

6 ऑक्टोबर, सोमवार

तारखेची शहानिशा. आराखड्यातल्या दुसऱ्याच दृश्यात ‘ढगांआडून चंद्र दिसला’ असं होतं. 15 फेब्रुवारी आणि 11 ऑगस्ट 1961 ला सूर्यग्रहणं झाली, म्हणजे त्या दोन्ही दिवशी अमावास्या. 11 ऑगस्टमधून साडेएकोणतीस दिवस मागे गेलं की 12 जुलै. ढग असोत-नसोत, रात्री चंद्र दिसणारच नव्हता. दृश्यातला सगळा उजेड आता कंदिलाचा आणि विजेच्या दिव्याचा.

याच हिशेबातून आणखी ऐवज निघाला. 1961 ला अधिक ज्येष्ठ होता, म्हणजे 12 जुलैची अमावास्या निज ज्येष्ठाची. आषाढी एकादशी 23 जुलैच्या सुमारास. पंचांगाप्रमाणे पालख्या पुण्यातून तीन-चार दिवस आधीच पुढे गेलेल्या. पेठेत वारकऱ्यांची गर्दी दाखवायची नाही, फार तर ओसरलेल्या गर्दीच्या खुणा. आणि छापखान्यासाठी सगळ्यांत कामाचं: अधिक महिन्यात लग्नं नाहीत, एकादशीनंतर चातुर्मास, म्हणून मधल्या थोड्या दिवसांत लग्नपत्रिकांची घाई. मशीनवर चढलेला फर्मा (चौकटीत आवळलेली जुळणी) लग्नपत्रिकेचाच. मुहूर्ताची तारीख त्या वर्षीच्या पंचांगातूनच घ्यायची, अंदाजाने नाही. तोवर तिथे खूण. (भिंतीवर कालनिर्णय टांगू नये. ते 1973 पासूनचं.)

वार बुधवार. तपासला.

8 ऑक्टोबर, बुधवार

नकाशा. आजचा फोनमधला नकाशा बंद करून ठेवला, कारण तो नकळत डोक्यात शिरतो. त्यातले भिडे पूल आणि झेड ब्रिज 1961 ला नव्हते. बालगंधर्व रंगमंदिर 1968 चं. लकडी पूल, नवा पूल, संगम पूल चालतील.

कागदावर हाताने काढलं: छापखाना, पुढची गल्ली, नदीकडचं टोक, चढाकडचं टोक, दोन वाडे, एक पिठाची गिरणी, एक हौद. एवढंच. पात्रं या कागदाबाहेर जात नाहीत. धरण फुटण्याचं दृश्य नाही, कारण पेठेतल्या माणसाला ते दिसलं नाही. आंबी नदीवरचं अपुरं मातीचं धरण, खचत चाललेला माथा, रात्रभर वाळूची पोती रचणारे जवान, हे सगळं पात्रांना नंतर कळलेलं आहे. कादंबरीत तसंच येईल: उशिरा, ऐकीव, अर्धवट.

अंतरं मैलांत आणि पाऊस इंचांत. वजनं त्या काळी बदलत होती, शेर आणि किलो दोन्ही कानावर पडायचे. नाणी नव्या पैशांची, बोलणं आण्यांचं.

10 ऑक्टोबर, शुक्रवार

छापखाना. इथे दोन दिवस द्यायचे ठरले होते, तीन लागले, आणि ते योग्यच झालं.

खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे. पाण्याने ते गंजत नाहीत. गंजतो तो ट्रेडल, फर्मा आवळायची लोखंडी चौकट आणि ओळ जुळवायची हातातली स्टिक. फुगतात त्या लाकडी केसा, म्हणजे खिळे ठेवायचे खणांचे ट्रे. म्हणजे पुरानंतर छापखान्यात अक्षरं शाबूत असतात, पण ज्या खणांत ती असतात ते खण ओढून बाहेर निघत नाहीत. निघाले तर अक्षर आणि गाळ एकजीव. काना, वेलांटी, रफार हे बारीक खिळे गाळात पहिले हरवतात.

देवनागरीची केस इंग्रजीसारखी आटोपशीर नसते. पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, अनुस्वार, सगळ्यांना खण. कंपोझिटर खणाकडे बघत नाही, हाताला ठिकाण माहीत असतं. गाळ भरलेल्या केसेवर त्याचा हात सवयीने जातो आणि भलत्या जागी थांबतो, हे एक दृश्य याच नोंदीतून मिळालं. क्र. 33.

भंगारात मिळालेले 200 मिसळलेले खिळे घेऊन चाचणी केली. अक्षर उलटं वाचायचं, खाच कुठल्या बाजूला ते बघायचं, मापाप्रमाणे वेगळं करायचं. नवख्या हाताला 41 मिनिटं. मुरलेला कंपोझिटर याच्या कितीतरी पट झपाट्याने करेल, पण छापखान्यात खिळे 200 नसतात, हजारांनी असतात. ‘संध्याकाळपर्यंत सगळं लावून झालं’ हे आराखड्यातलं वाक्य खोडलं.

13 ऑक्टोबर, सोमवार

पाण्याची पट्टी. सगळ्या तयारीत कामाचा ऐवज हाच.

अडचण वेळेची होती. पानशेत सकाळी फुटलं, त्यानंतर पुण्यात पाणी चढलं, मग दुपारी खालचं खडकवासला धरण फुटल्यावर पुन्हा चढलं. पण कुठल्या गल्लीत किती वाजता किती, यावर ऐकीव आणि छापील माहितीत तासा-दीड तासाचा फरक सहज पडतो. प्रत्येक दृश्याला घड्याळ लावलं तर महिनाभर ते जुळवण्यातच जाईल. म्हणून कादंबरीत घड्याळ नाही. वेळ पाण्याच्या उंचीने मोजायची.

खोलीची उभी पट्टी काढली, रस्त्यापासून इंचांत:

21: तिन्ही पायऱ्या बुडाल्या, जोत्याला पाणी
25: कागदाच्या रिमांची खालची फळी
27: ट्रेडलचा पायटा
31: केसांच्या मांडणीतला सर्वांत खालचा कप्पा
61: कामाची उतरती केस, कंपोझिटरच्या छातीशी
75: कोनाड्यातला दिवा
87: विजेचा मीटर
123: माळ्याच्या तक्तपोशीचा तळ

प्रत्येक दृश्याच्या कार्डावर आता वेळेच्या जागी हा आकडा. पाणी 31 ला असताना कोणी खाली वाकून दुसरा कप्पा ओढू शकतं, 61 ला नाही. चुका आपोआप सापडायला लागल्या. आत्याबाई (मालकांची बहीण) क्र. 14 मध्ये रिमांवर बसलेल्या होत्या. तिथे पाणी 40 आहे. रिमा केव्हाच भिजून फुगल्या, बसायला काही उरलेलं नाही. आत्याबाई आता जिन्याच्या सातव्या पायरीवर.

दाराचं दृश्य सगळं नव्याने. आराखड्यात मालक दार लावून पाठ टेकून उभे राहतात. दोन फळ्या मिळून तीन फूट रुंद दार, बाहेर दोन फूट पाणी, आत कोरडं: दारावर 170 किलोच्या आसपास जोर. पाणी तीन फूट झालं की 380 च्या पुढे. उंची दीडपट, जोर सव्वादोनपट. वाड्याचं दार आत उघडतं, म्हणजे पाणीच ते उघडणार. पाठ टेकून काही होत नाही. अडसर घातला तर दार थोडा वेळ तग धरेल, पण फटींतून आणि उंबऱ्याखालून पाणी आत येत राहणार आणि आत-बाहेर पातळी सारखी होत जाणार. ती सारखी झाली की जोर संपतो आणि दार लहान मुलानेही हलतं. हे नाट्य आराखड्यापेक्षा चांगलं आहे. पोऱ्या दार सहज उघडतो आणि मालकांना वाटतं, पाणी ओसरलं.

मग केसा वर नेण्याचा हिशेब. छापखान्यात 24 केसा. भरलेली केस एकट्याला उचलवते, पण अरुंद जिन्यावर आडवी धरून नेता येत नाही, तिरपी झाली की खिळे सांडतात. दोघं लागतात. 20 किलो गहू रुंद पाटीत भरून 11 पायऱ्यांच्या जिन्यावर दोघांनी मोजून पाहिलं: चढ-उतर मिळून 1 मिनिट 50 सेकंद, पाचव्या फेरीपासून अडीच मिनिटं. पाणी 31 वरून 61 वर जायला कथेत अर्धा तास दिला आहे. त्यात 13 फेऱ्या बसतात.

24 पैकी 13. म्हणजे 11 केसा सोडायच्या. कुठल्या, हे कंपोझिटरने ठरवायचं की मालकांनी? मालक मथळ्याचे मोठे खिळे म्हणतील, ते महाग. कंपोझिटर रोजच्या 12 पॉइंटच्या म्हणेल, त्याशिवाय दुसऱ्या दिवशी एक ओळ जुळत नाही. कादंबरीचा मधला तिसरा हिस्सा इथे उभा राहिला. कथानकासाठी वेगळी बैठक ठेवली होती, ती रद्द.

15 ऑक्टोबर, बुधवार

आठवणी विचारण्याची कामं: तीन ज्येष्ठ मंडळी, प्रत्येकी तासभर. आधी परवानगी, नाव कुठेही वापरणार नाही हे सांगून. ‘पूर कसा होता?’ असं विचारलं की वर्षानुवर्षं सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट मिळते. त्याऐवजी: चुलीवर काय होतं? पायात काय होतं? पाळण्यातल्या मुलाला कोणी उचललं? वर गेल्यावर प्यायला पाणी कुठलं? शेवटच्या प्रश्नाला तिघंही थांबून बोलले. पाण्यात बुडालेल्या शहरात प्यायला पाणी नाही, हे खडकवासला फुटल्यानंतरचं वास्तव. विहिरी आणि हौद पुन्हा वापरात आले.

सांगताना 1961 चा चिखल आणि 1967 च्या कोयना भूकंपाची पहाट एकाच वाक्यात येऊ शकतात. खोडून काढायचं नाही, लिहून घ्यायचं आणि शेजारी खूण करायची.

ध्वनिमुद्रण पूर्ण उतरवून काढायला वेळ नाही. तासाभरातली पाच वाक्यं जशीच्या तशी, बाकी मुद्दे.

17 ते 23 ऑक्टोबर

दिवाळी. काम ठेवलं नव्हतं, झालं नाही. अक्षरजुळणी करणारे दिवाळी अंकांतून मोकळे झाले की फॉन्टची चाचणी.

24 ऑक्टोबर, शुक्रवार

भाषा. कोण कोणाला काय म्हणतं याचं एक पान, आणि ते महिनाभर डोळ्यांसमोर. कंपोझिटर मालकांना ‘मालक’, रागावला की काहीच नाही. मालक त्याला आडनावाने, अरे-तुरे. मालकीणबाई माहेरी गेलेल्या, पण त्यांचं पत्र येतं, त्यात नवऱ्याला ‘अहो’ आणि नणंदेला ‘वन्सं’. पोऱ्या सगळ्यांना अहो-जाहो, आत्याबाईंना एकटाच ‘आत्या, ए आत्या’. हे कोणी शिकवलं ते सांगायचं नाही.

‘टेन्शन’, ‘प्लॅन’, ‘सॉरी’ संवादातून बाहेर. ‘हापिस’, ‘टैम’, ‘प्रूफ’, ‘करंट’ आत. साडी म्हणायची नाही, पातळ आणि लुगडं.

छापील मजकुराची वेगळी काळजी. शुद्धलेखनाचे नवे नियम 1962 ला मान्य झाले. त्याआधीचा मजकूर अनुस्वारांनी भरलेला. दारावरची पाटी अशी: ‘पुराचें पाणी शिरल्यामुळें काम बंद आहे. कांहीं दिवस छपाई होणार नाहीं.’ कंपोझिटरच्या केसेत अनुस्वाराचा खण मोठा असणार आणि पुरानंतर तोच रिकामा निघाला तर त्याला पहिली ओळसुद्धा नीट जुळवता येणार नाही. पात्रांचं बोलणं मात्र आजच्या लेखनाने. तिथेही अनुस्वार दिले तर वाचक अडखळेल.

26 ऑक्टोबर, रविवार

40 कार्डं झाली. प्रत्येकावर चारच गोष्टी: पाण्याचा आकडा, खोलीत कोण, कोणाला काय हवं आहे, दृश्य संपताना काय बदललं. चौथी जागा रिकामी राहिलेली कार्डं सात निघाली. पाच फाडली, दोन शेजारच्या दृश्यांत मिसळली. त्या जागी केसांच्या वादाला चार आणि ओसरत्या पाण्याला तीन. पाणी चढण्याला 24 दृश्यं आणि उतरण्याला 5 असा तोल होता, तो फसला असता. गाळ, वास, फुगलेलं लाकूड, हा भाग उतरत्या पाण्यातच आहे.

28 ऑक्टोबर, मंगळवार

टंकन आणि फाइली. कंटाळवाणं, पण डिसेंबरमध्ये याचीच किंमत मोजावी लागते.

वहीत लिहून मग टाइप करायचं नाही. वेळ दुप्पट. बोलून टाइप करून पाहिलं: वेग चांगला, पण विरामचिन्हं नाहीत आणि ‘खिळे’चं तीनदा ‘किल्ले’ झालं. कळफलकावरच लिहायचं. 45 मिनिटांच्या तीन बैठकांत दर बैठकीला सरासरी 470 शब्द. 1,600 ला साडेतीन, म्हणजे रोज चार बैठका धरायच्या.

एकच कळफलक, एकच यंत्र. कारण ‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा नाही. ॲ चंही तेच. फोनवर थोडं, संगणकावर थोडं असं लिहिलं की पुस्तकभर दोन्ही मिसळतात.

अक्षरजुळणीसाठी मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये बदलला जाणार आहे. त्याची चाचणी आत्ताच. एका पानावर अडचणीचे शब्द: दुसऱ्या, ऱ्हास, हृदय, ॲल्युमिनियम, कॉलरा, द्वार, लक्ष्मी, वाङ्मय. परत आलेल्या पानात ॲ च्या जागी चौकोन, ‘वाङ्मय’ तुटलेलं. दोन्ही नोंदवून ठेवले, खर्डा संपल्यावर एकगठ्ठा दुरुस्ती.

दर दृश्याची वेगळी फाइल, नावात क्रमांक दोन अंकी (०१, ०२), नाहीतर १० नंबर २ च्या आधी जाऊन बसतो. रात्री तीन प्रती: यंत्रावर, पेन ड्राइव्हवर, स्वतःलाच पाठवलेल्या ईमेलमध्ये.

माहीत नसलेल्या जागी ‘ठठठ’ टाकून पुढे जायचं. ही तीन अक्षरं मराठीत ओळीने कुठे येत नाहीत, शोधायला एक सेकंद. लग्नाचा मुहूर्त: ठठठ. रिमेची किंमत: ठठठ. लिहायच्या वेळात पुस्तक किंवा फोन उघडायचा नाही. रविवारी एकदम सगळे ठठठ. एका दृश्यात पाचाहून जास्त झाले, तर दृश्य लिहायला घेण्याइतकं तयार नव्हतं असं समजून पुढचं घ्यायचं.

30 ऑक्टोबर, गुरुवार

तालीम. मधलंच एक दृश्य, क्र. 19, पूर्ण वेळ लावून लिहिलं. 1,040 शब्द, ठठठ तीन, वेळ 1 तास 50 मिनिटं. हिशेबापेक्षा दहा मिनिटं जास्त, चालेल.

फसलं कुठे: पहिले 200 शब्द पुराबद्दलची माहिती. गोळा केलेलं सगळं सांगून टाकायची घाई. खडकवासल्याचं बांधकाम कुठल्या शतकातलं, हे गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या मनात येत नाही. ते 200 शब्द उडवले, दृश्य ‘केस धर, तिकडून धर’ या बोलण्यावर सुरू केलं. टिपणांची फाइल उद्यापासून बंद. उघडी राहतात फक्त तीन पानं: पाण्याची पट्टी, गल्लीचा नकाशा, कोण कोणाला काय म्हणतं.

31 ऑक्टोबर, शुक्रवार

कार्डं भिंतीवर लावली, पाण्याच्या आकड्यांप्रमाणे खालून वर. पहिली पाच जमिनीलगत, ती वाचायला वाकावं लागतं.

उद्या 5.45 ला पहिली बैठक. कार्ड क्र. 1. पाणी: 0. खोलीत मालक आणि पोऱ्या. फर्मा मशीनवर, पंचवीस पत्रिका निघाल्या आहेत, सव्वीसावीवर वधूच्या नावातली वेलांटी उठलेली नाही. बाहेरून माणसं नदी बघायला चालली आहेत. पोऱ्याला जायचं आहे. मालक म्हणतात, आधी वेलांटी बदल.